मुरुड : किल्ल्याच्या अलीकडचे गाव

मुरुड-जंजिरा हे जोडनाव महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यातला जंजिरा सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रात उभा असलेला, कोणालाही जिंकता न आलेला तो किल्ला. शाळेच्या पुस्तकात तो आहे, कॅलेंडरवर आहे, सहलीच्या जाहिरातींत आहे. मुरुड मात्र बहुतेकांच्या लेखी किल्ल्याकडे जाताना लागणारे, मासळीचे जेवण मिळणारे एक ठिकाण एवढेच असते. दर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग येते, राजपुरीच्या धक्क्यावर होडीसाठी गर्दी होते आणि रविवारी संध्याकाळी सगळे परत जातात. त्या गर्दीला पाठ करून गावाकडे पाहिले तर एका जुन्या, शिकलेल्या आणि दूरवर पसरलेल्या वस्तीची हकिकत समोर येते. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांना ती आपलीच वाटेल.

डोंगर, खाडी आणि वाडी

मुरुड हे रायगड जिल्ह्यातल्या मुरुड तालुक्याचे मुख्य ठिकाण. मुंबईहून रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर आणि अलिबागहून सुमारे ५०. अलिबाग सोडले की रस्ता रेवदंड्यानंतर किनारा धरतो आणि काशीदवरून मुरुडला येतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला झाडीने भरलेले डोंगर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मुंबईकरांचा प्रवास बराच सोपा झाला आहे.

गावाची बांधणी कोकणी किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या गावासारखी आहे. आधी वाळूचा किनारा, मग सुरूची आणि माडांची रांग, मग नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्यांच्या सावलीत घरे. त्यामागे बाजारपेठ, मग भातशेतीचा पट्टा आणि शेवटी डोंगर. गावाच्या उत्तरेला टेकडीवर समुद्राकडे तोंड करून नवाबांचा राजवाडा उभा आहे. दक्षिणेला छोटी खाडी आणि तिच्या पलीकडे कोळ्यांचे एकदरा गाव. तिथून आणखी चार-पाच किलोमीटर गेले की राजपुरी येते. राजपुरीच्या मोठ्या खाडीच्या तोंडावर, पाण्यात, जंजिरा आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर दिघी, म्हणजे श्रीवर्धन तालुका सुरू होतो. आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी बोट आहे, त्यामुळे मोठा वळसा वाचतो.

मुरुडच्या मागचा डोंगर म्हणजे फणसाडचे जंगल. नवाबांच्या काळात ही शिकारीची राखीव जागा होती. १९८६ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात शेकरू आहे, बिबट्या आहे, सांबर आहे. गारंबीच्या डोंगरातले पाणी गावापर्यंत आणण्याची सोयही नवाबी अमदानीतली. पाऊस इथे भरपूर पडतो, पण उतार एवढा तीव्र की पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. अशा गावात ज्याने पाणी अडवले त्याचे नाव लोक विसरत नाहीत.

जून-जुलैत समुद्र खवळतो. शासनाने १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी घातलेली आहे. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. त्या दिवसांत मुरुड पुन्हा आपल्या माणसांचे होते. सुकट, सुके बोंबील, तांदळाची भाकरी आणि घरातच काढलेले लांबलचक दिवस.

हबसाण

जुन्या कागदपत्रांत या भागाला ‘हबसाण’ असे नाव आढळते. हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. हबशा हे नाव मुसलमानांना परके नाही. मक्केतल्या छळाला कंटाळलेल्या पहिल्या मुहाजिरांना ज्या देशाने आसरा दिला तो हबशा. हजरत बिलाल (रजि.) यांचे मूळही तिथलेच. पूर्व आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावरून व्यापारी जहाजांतून, पुष्कळदा गुलाम म्हणून विकली जाऊन, माणसे दख्खनमध्ये आली. इथल्या सुलतानांच्या फौजांत त्यांनी आपल्या कर्तबगारीवर जागा मिळवली. स्वतः मलिक अंबर याच वाटेने आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. जंजिऱ्याचे सिद्दी याच परंपरेतले.

किल्ल्याच्या आधी त्या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. चाच्यांपासून बचावासाठी तो राम पाटील नावाच्या कोळी म्होरक्याने उभारला, असे परंपरा सांगते. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेषात गलबत आणून, कोळ्यांना दारू पाजून बेट ताब्यात घेतले, अशी कथा आहे. त्यानंतर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी तट उभा राहिला. अरबीतला ‘जझीरा’, म्हणजे बेट, हा शब्द कोकणी जिभेवर ‘जंजिरा’ झाला.

निजामशाही बुडाली, विजापूरची आदिलशाही आली, मग मोगल आले. सिद्दी मात्र बेटावर टिकून राहिले. १६७०-७१ च्या सुमारास किल्लेदार फत्तेखान शिवाजी महाराजांना किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा सिद्दी संबूल, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत यांनी त्याला कैद केले आणि मोगल बादशहाचा आश्रय घेतला. सिद्दी कासीमला पुढे ‘याकूतखान’ हा किताब मिळाला. याच याकूतखानाने १६८९ मध्ये मुंबई बेटावर फौज उतरवली आणि इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले. इंग्रजांना औरंगजेबाकडे माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा कुठे १६९० मध्ये वेढा उठला. मुंबईचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा मागे पडते.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोरच कांसा खडकावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला. पुढे बाजीराव पेशव्यांच्या काळातही मोहिमा झाल्या. १७३६ मध्ये सिद्दी सात चिमाजी आप्पांशी लढताना पडला. किल्ला मात्र सिद्द्यांकडेच राहिला.

हा झगडा आज अनेकदा हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंगवला जातो. त्या काळच्या नोंदी तसे सांगत नाहीत. मराठ्यांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान सरदार होते. सिद्द्यांच्या चाकरीत या किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी आणि कारकुनी करणारे ब्राह्मण-प्रभूही होते. लढाई राज्याची होती, खाडीच्या तोंडाची होती, जकातीची होती. तिची झळ दोन्ही बाजूंच्या गरीब गावकऱ्यांना सारखीच बसली. घरात मुले इतिहासाचे पुस्तक घेऊन बसतात तेव्हा ही गोष्ट आपण त्यांना शांतपणे सांगायला हवी. राग न धरता आणि लाज न बाळगता.

सिद्द्यांच्या कारभारातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. दीर्घकाळ त्यांची गादी बापाकडून मुलाकडेच जाईल असे नव्हते. सिद्दी सरदार मिळून आपल्यातल्या कर्त्या माणसाला प्रमुख ठरवत. वंशपरंपरेची नवाबी नंतर रुजली. त्या कर्त्या पिढीतले दोघे भाऊ, सिद्दी कासीम याकूतखान आणि सिद्दी खैरियतखान, राजपुरीजवळच्या खोकरी गावात दफन आहेत. शेजारी सिद्दी सुरूलखानाचा सर्वांत मोठा घुमट आहे. काळ्या दगडाचे हे तीन मकबरे, त्यांची कोरीव जाळी आणि अरबी शिलालेख पाहायला फार थोडे पर्यटक थांबतात. कुटुंबासह गेलात तर अर्धा तास तिथे जरूर द्या आणि फातेहा पढा. किल्ला लढवणारी माणसे किल्ल्यात नाहीत, इथे आहेत.

नवाबी गाव आणि बेगमेचे पुस्तक

एकोणिसाव्या शतकात जंजिरा संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली आले. आजचे मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके मिळून ते बनलेले होते. क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल आणि १९०१ च्या गणनेत लोकसंख्या ८५,४१४. त्या काळच्या इंग्रजी नोंदींत या संस्थानाबद्दल एक वाक्याची माहिती हमखास येते : हे संस्थान मुंबईला खलाशी, कोळी आणि जळाऊ लाकूड पुरवते. पुढे काय होणार होते ते त्या एका ओळीत आले आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

नवाब सिद्दी अहमदखान यांच्या दीर्घ कारकिर्दीत (१८७९ ते १९२२) राजधानी बेटावरून मुरुडला स्थिरावली आणि गावाला आजचे रूप आले. टेकडीवरचा राजवाडा याच काळातला. तो आजही खासगी मालमत्ता आहे आणि रस्त्यावरूनच पाहावा लागतो. आत शिरण्याचा हट्ट करू नये.

आमच्या वाचक भगिनींना माहीत असावी अशी एक व्यक्ती याच राजवाड्यातली. नवाब अहमदखान यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान. त्या प्रसिद्ध फैजी भगिनींपैकी एक, बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या नातेगोत्यातल्या. १९०८ मध्ये त्या नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी ‘सैर-ए-युरोप’ हे प्रवासवर्णन उर्दूत प्रसिद्ध केले. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या होत्या. त्यांच्याही रोजनिशीचे पुढे पुस्तक झाले. शिबली नोमानी यांच्यासारखे थोर आलिम जंजिऱ्यात या घरचे पाहुणे होऊन गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणच्या एका कोपऱ्यातल्या मुस्लिम घरातल्या बायका लिहीत होत्या, जग पाहत होत्या आणि मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरत होत्या. ‘आपल्यात हे नव्हतेच’ असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण हाताशी असू द्यावे.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. नवाबी गेली, शिक्षणाची ओढ राहिली. नवाबांच्या नावाचे सर एस. ए. हायस्कूल गावात आहे. अंजुमन इस्लाम जंजिराचे विज्ञान महाविद्यालय आहे. एवढ्याशा गावात पदवीपर्यंत शिकण्याची सोय आहे, हे त्याच ओढीचे फळ.

खलाश्यांचे गाव

आता त्या इंग्रजी नोंदीकडे. मुरुड आणि आसपासच्या गावांतल्या कोकणी मुसलमान घरांत एक पिढी मागे गेले की बहुधा कोणी ना कोणी जहाजावर नोकरीला असलेला सापडतो. कोणी डेकवर, कोणी सारंग, कोणी भंडारी. जहाजावरच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाला जुनी माणसे ‘नल्ली’ म्हणत. ही नल्ली हातात आली की मुलाचा निकाह ठरायला वेळ लागत नसे. दोन-दोन वर्षांची सफर. मनीऑर्डरची वाट पाहणारी आई. जहाजाचे नाव तोंडपाठ असलेली बायको. आणि परत येताना पेटीत साबण, अत्तर, कापड आणि घड्याळे.

काही जण त्याहून दूर गेले आणि तिथेच राहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमानांची वस्ती आणि जमात आहे. पूर्व आफ्रिकेतही कोकणी पोहोचले. ज्या आफ्रिकेतून सिद्दी या किनाऱ्यावर आले, त्याच आफ्रिकेत इथली माणसे पोटासाठी गेली. समुद्राने एका हाताने आणले आणि दुसऱ्या हाताने नेले.

१९७० नंतर आखाती देशांचे दार उघडले. कुवेत, दुबई, सौदी, कतार. जहाजाची नल्ली मागे पडली आणि पासपोर्टवरचा व्हिसा महत्त्वाचा झाला. मुरुडच्या बोळांतून चालताना हा इतिहास घरांच्या भिंतींवर वाचता येतो. जुने घर म्हणजे कौलारू, पुढे पडवी, मागे वाडी, विहिरीवर एके काळी फिरणारा रहाट. त्याला लागून आखाती पैशातून उभे राहिलेले दुमजली सिमेंटचे घर, रंगीत काचा, लोखंडी फाटक. आणि त्या फाटकाला कुलूप.

भाषेचेही असेच थर आहेत. घरात बोलली जाणारी कोकणी बोली मराठीच्या पोटातली आहे. आजीच्या ओव्या, म्हणी, नातेसंबंधांची नावे सगळी त्या बोलीत. शाळा कोणाची उर्दू, कोणाची मराठी. मदरशात अरबी. आखातातून आलेल्या मुलांच्या तोंडी इंग्रजी. एकाच घरात तीन लिप्या आणि चार भाषा नांदतात. यातली आजीची बोली कुठे लिहिली जात नाही, म्हणून तिचे टिकणे सगळ्यात कठीण आहे.

आकडे काय सांगतात

२००१ च्या जनगणनेत मुरुड शहराची लोकसंख्या १२,५५१ होती. २०११ मध्ये ती १२,२१६ झाली. म्हणजे दहा वर्षांत ३३५ माणसे कमी. आकडा लहान दिसतो. पण याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. खुद्द रायगड जिल्ह्याची वाढ १९ टक्क्यांच्या वर होती. ही वाढ पनवेल, खालापूर अशा मुंबईला चिकटलेल्या भागातली. जिल्हा फुगत असताना त्याच जिल्ह्यातले हे किनाऱ्यावरचे गाव आकसत होते. दक्षिणेकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची तर त्या दशकात एकूण लोकसंख्याच घटली. मुरुड त्या कोकणाचा भाग आहे.

२००१ च्याच गणनेत मुरुडमध्ये स्त्रिया ५१ टक्के होत्या आणि पुरुष ४९. राज्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया कमी असताना इथे उलटे चित्र. मुलींना इथे मान जास्त मिळतो असा त्याचा अर्थ काढण्याची घाई करू नये. त्याचे साधे कारण म्हणजे पुरुष बाहेर आहेत. गावाचा रोजचा व्यवहार स्त्रियाच ओढतात. वाडीतल्या सुपारीची राखण, वीजबिल, मुलांची शाळा, सासूचे औषध, मय्यतीच्या घरी जाणे, बँकेतले काम. मनीऑर्डरची जागा मोबाइलने घेतली एवढाच फरक. कोकणातल्या या बायकांची मेहनत कोणत्याही गणनेत ‘काम’ म्हणून मोजली गेलेली नाही.

२०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. नवा आकडा येईल तेव्हा येईल. तोवर कुलुपे मोजली तरी अंदाज येतो.

३ जून २०२०

या गावाने आपल्या आयुष्यात अनेक वादळे पाहिली. निसर्ग चक्रीवादळ मात्र आजच्या पिढीच्या डोळ्यांदेखत आले. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईतली माणसे मुंबईत अडकलेली, आखातातली आखातात. गावात म्हातारे, बायका आणि मुले. काही तासांत पत्रे, कौले, विजेचे खांब गेले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या.

भाताचे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. सुपारीचे तसे नसते. रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात आणि भरघोस उत्पन्नाला त्याहून जास्त. नारळाचेही तेच. आजोबांनी लावलेली झाडे बापाने राखली आणि नातवाने खाल्ली, असा हा हिशोब असतो. वाडी पडली तेव्हा वर्षाचे उत्पन्न गेलेच, पण मागच्या दोन पिढ्यांची मेहनतही गेली. नुकसानभरपाई झाडांच्या संख्येवर मिळते, वर्षांची भरपाई कोण करणार?

त्या पावसाळ्यात ज्या घरांत माणूस होता त्या वाडीतले लाकूड वेळेवर उचलले गेले, खड्डे झाले, नवी रोपे लागली. ज्या घरांना कुलूप होते तिथे ओंडके तसेच कुजले आणि वर रान माजले. शेजाऱ्याने किती दिवस पाहायचे? झाड लावणाऱ्याने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी त्याला सदक्याचे सवाब मिळते, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आपण सगळे जाणतो. निसर्गनंतर ज्यांनी वाडीत पुन्हा रोप लावले त्यांनी ही शिकवण फार अवघड वेळी पाळली.

पाहुण्यांसाठी

पर्यटनाने मुरुडला रोजगार दिला, हे मान्य करायला हवे. राजपुरीच्या होड्या चालवणारे, खानावळी, घरगुती निवास, रिक्षा, शहाळी विकणारे. मुसलमान, कोळी, आगरी, माळी सगळ्यांची चूल त्यावर पेटते. किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होडीत सुकाणूवर एक आणि शिडावर दुसरा, ही माणसे अनेकदा वेगवेगळ्या धर्मांची असतात. वाऱ्याला ते ठाऊक नसते.

ज्यांना जायचे आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. किल्ल्याचा दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण तो तटाच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताच पंचायतन पीर आहे. दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव आहेत. चारही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये पिण्याचे गोडे पाणी, याच्याच बळावर किल्ला इतका काळ लढला. पडझड झालेला सुरूलखानाचा वाडा आहे आणि तटावर कलालबांगडी, चावरी, लांडा कासम या तोफा आहेत. काही दशकांपूर्वीपर्यंत किल्ल्यात कुटुंबे राहत होती. पुढे ती किनाऱ्यावर आली आणि किल्ला पाहण्याची वस्तू झाला.

एक इशारा मात्र कळकळीने द्यायचा आहे. मुरुडचा किनारा सपाट आणि दिसायला शांत आहे. ओहोटीच्या वेळी पाणी फार वेगाने मागे ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. त्या दिवशी गावातली माणसे आणि कोळी बांधव हातातले काम टाकून पाण्यात उतरले होते. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका. गावकरी ‘जाऊ नका’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

कुलूप उघडणे

मुरुडची कहाणी कोकणातल्या बाणकोट, दाभोळ, हर्णै, म्हसळा, श्रीवर्धन अशा कितीतरी वस्त्यांची आहे. बाहेर जाणे हा काही गुन्हा नाही. बाहेर गेलेल्यांच्या पैशातूनच मशिदींची दुरुस्ती झाली, शाळांचे वर्ग बांधले गेले, बहिणींचे निकाह झाले. पण पूर्वीचा खलाशी दोन वर्षांनी परत येत असे. त्याचे घर, त्याची वाडी, त्याचे कब्रस्तान इथे होते. आजचा मुलगा आखातातून मुंब्र्याला, नवी मुंबईला, नाहीतर कॅनडाला जातो. गावाकडे येतो तो मय्यतीला, किंवा जमिनीचा सौदा करायला. समुद्राकडे तोंड असलेल्या वाड्यांना आज भाव चांगला येतो. विकणाऱ्याच्या अडचणी त्यालाच ठाऊक, त्याला बोल लावू नये. तरी सही करण्यापूर्वी विहीर कोणी खोदली होती एवढे एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. मे महिन्यात मुलांना आठ दिवस तरी गावी न्यावे, हॉटेलात नव्हे, आपल्या घरी. पेटीत आजोबांची नल्ली, जुने पासपोर्ट, जहाजावरून आलेली पत्रे असतील तर ती वाळवीच्या तोंडी देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. आजीच्या तोंडची बोली आणि गाणी फोनवर रेकॉर्ड करावीत. वाडी स्वतःला पाहता येत नसेल तर गावातल्या गरजू कुटुंबाला अर्धेलीने लावायला द्यावी. झाडेही जगतील, एक घरही चालेल. आणि कब्रस्तानाच्या वर्गणीबरोबर गावातल्या शाळेची वर्गणीही लक्षात ठेवावी.

जंजिऱ्याची देखभाल करायला पुरातत्त्व खाते आहे. तटाचा दगड निखळला तर बातमी होते. मुरुडच्या बोळातले घर मात्र बातमीशिवाय पडते. त्याची देखभाल ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांनीच करायची आहे. पुढच्या सुट्टीत जंजिरा पाहायला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. आणि ज्यांचे घर त्या गावात, किंवा अशाच एखाद्या गावात असेल, त्यांनी निघताना किल्लीही बरोबर घ्यावी.